फादरांच्या केंद्रात भावाला ठेवावं का?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ दारूपायी घर सोडून दोन वर्षं दादर स्टेशनबाहेर फुटपाथवर राहतो. शेजारच्या ख्रिस्ती काकूंनी वसईकडचं एक व्यसनमुक्ती केंद्र सुचवलंय. आम्ही हिंदू. तिथे धर्म बदलायला लावतील का? – एक बहीण, घाटकोपर

ताई, सगळी ख्रिस्ती केंद्रं एका साच्याची नसतात. कृपा फाउंडेशनचं उदाहरण घ्या. फादर जोसेफ परेरा यांनी १९८१ मध्ये वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये तिची सुरुवात केली. तिथे दारू सोडणाऱ्यांच्या परस्पर-मदत गटाच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या (एए) बारा पायऱ्या आणि अय्यंगार पद्धतीची योगासनं जोडीने चालतात. फादर स्वतः बी. के. एस. अय्यंगारांचे शिष्य. याउलट पास्टर मंडळी चालवतात त्या काही घरांत दिवसच बायबलवर बेतलेला असतो : पहाटे प्रार्थना, मग वचनाचा अभ्यास, दुपारी स्वयंपाक-झाडलोटीची पाळी, संध्याकाळी पुन्हा भजन. मुक्काम कित्येक महिन्यांचा.

बारा पायऱ्यांतला देव ज्याला जसा उमगेल तसा. विठोबा मानणाऱ्यालाही तिथे अडचण येत नाही. पाचव्या पायरीत आपल्या चुका दुसऱ्या माणसापुढे बोलून दाखवायच्या असतात. कॅथलिक माणसाला त्यात फादरांपुढचा कबुलीजबाब दिसेल, तुमच्या भावाला नुसतं मन मोकळं केल्यासारखं वाटेल.

बाप्तिस्मा ही उपचाराची अट असूच शकत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाचे आजारही येतात, आणि उपचारात धर्मावरून भेदभाव करायला त्यात मनाई आहे. तरी फॉर्म भरण्याआधी तोंडावर विचारा : प्रार्थनेला बसणं सक्तीचं आहे का? जो बसत नाही तो त्या वेळात काय करतो? ‘ते पुढचं पुढे बघू’ असं उत्तर आलं, तर दुसरं केंद्र शोधा.

प्रश्न : केंद्रवाले म्हणतात, आमच्याकडे औषध नाही, दारू प्रार्थनेनेच सुटते. विश्वास ठेवावा? – वाचक, धारावी

पहिल्या आठवड्यात मुळीच नाही. सकाळी घोट घेतल्याशिवाय ज्याचे हात थरथरतात, त्याची दारू एका झटक्यात तोडणं जिवावर बेतू शकतं. शेवटच्या पेल्यानंतर सहा-आठ तासांत थरथर आणि घाम सुरू होतो. फिट येण्याचा धोका मुख्यतः पहिल्या ४८ तासांत. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी काहींना भ्रम होतो : भिंतीवर किडे दिसतात, घरचे ओळखू येत नाहीत, ताप चढतो. त्या अवस्थेत माणूस दगावूही शकतो. डॉक्टर क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपामसारखं औषध देऊन काही दिवसांत मात्रा उतरवत आणतात. उपाशी पिणाऱ्याला ‘बी-१’ म्हणजे थायमिनचं इंजेक्शन सलाइनमधल्या ग्लुकोजच्या आधी द्यावं लागतं, नाहीतर मेंदूला इजा होऊ शकते. गल्लीतल्या दवाखान्यात नेमकं हेच राहून जातं. फुटपाथवरच्या माणसाच्या डोक्याला मारही लागलेला असू शकतो, आणि ‘प्यायलाय’ म्हणून तिकडे कुणी बघत नाही.

म्हणून आधी केईएम, सायन किंवा नायरच्या मनोविकार ओपीडीत न्या, मग केंद्रात. तिथे खरं प्रमाण सांगा. रोज तीन क्वार्टर पिणाऱ्याला घरचे लाजेखातर ‘एक क्वार्टर’ सांगतात आणि औषधाची मात्रा तिथेच चुकते.

गर्दचं, म्हणजे ब्राऊन शुगरचं, गणित निराळं. शेवटच्या पुडीनंतर आठ-बारा तासांत अंगदुखी, नाक वाहणं, जुलाब. दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात वाईट, आठ-दहा दिवसांत ओसरतं. यात जीव सहसा जात नाही, पण त्या तिसऱ्या दिवशीच माणूस पळतो. हा त्रास शमवणारी ब्युप्रेनॉर्फिनची गोळी डॉक्टर त्यासाठीच देतात. खरा धोका सुटल्यावर. तीन महिने कोरडं राहिलेलं शरीर सवय विसरलेलं असतं. अशा वेळी जुन्याच मापाची पुडी घेतली, तर श्वास थांबू शकतो. ‘बटन’च्या (नशेसाठी घेतल्या जाणाऱ्या झोपेच्या) गोळ्या मात्र गर्दसारख्या नव्हेत. त्या एकदम बंद केल्या तर दारूसारखीच फिट येऊ शकते.

हे टळलं की प्रार्थना, वेळापत्रक, सोबत यांचं काम सुरू होतं, आणि ते काम हलकं नाही.

प्रश्न : तो तयार नाही. ‘गाडी पाठवतो, उचलून आणतो’ असं एक केंद्र म्हणतं. – एक वडील, कुर्ला

काका, असं करू नका. संमतीशिवाय भरती करायची, तर भरतीच्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत एक मनोविकारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर यांनी त्याला स्वतंत्रपणे तपासून गंभीर धोका असल्याचं ठरवावं लागतं. तीही तीस दिवसांपुरती. साखळीने बांधणं, सक्तीने डोकं भादरणं, जबरदस्तीने राबवून घेणं कायद्याने बंद आहे. स्वखुशीने आलेल्याने ‘मला जायचंय’ म्हटलं तर सोडावं लागतं. तपासणीसाठी फार तर २४ तास थांबवता येतं. केंद्राची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडची नोंदणी मागून बघा.

प्रश्न : जेवणात गुपचूप दारू सोडवायची गोळी घातली तर? – गृहिणी, परळ

नको, वहिनी. ती बहुधा डायसल्फिराम असते. तिच्यावर दारू प्यायला तर रक्तदाब कोसळतो, छाती धडधडते, हृदय कमजोर असलेला जाऊही शकतो. त्याला सांगून, डॉक्टरांच्या देखरेखीतच ती द्यायची.

प्रश्न : सहा महिन्यांनी बाहेर पडल्यावर माझ्या मामाला घर नाही, कागद नाहीत. पुढे काय? – वाचक, वसई

ही तयारी दुसऱ्या महिन्यात सुरू व्हायला हवी. बहुतेक जण ती शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. आधी आधार. मान्यताप्राप्त निवारागृहाच्या प्रमुखाने आधार प्राधिकरणाच्या ठरावीक नमुन्यात दिलेला दाखला चालतो. मामांचं केंद्र त्यात बसत नसेल, तर अशा निवाऱ्यामार्फत जा. मग जनधन खातं. त्यात पैसे शिल्लक असण्याची अट नाही. दोन आठवड्यांहून जुना खोकला असेल तर पालिकेच्या दवाखान्यात थुंकीची तपासणी, आणि सुया वापरल्या असतील तर एचआयव्ही व हिपॅटायटिस सीची.

मग मुक्काम. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांप्रमाणे शहरांत लाख लोकसंख्येमागे एक निवारा हवा, मुंबईत तेवढे झालेले नाहीत. मिळाला तरी फाटकाबाहेर गुत्ता असलेला रात्रनिवारा मामांना मानवणार नाही. केंद्राशी जोडलेलं पुढचं घर आहे का, तिथे भाडं किती, किती महिने राहता येतं, हे आजच विचारा. नसेल तर दोघा-तिघा ‘सुधारलेल्यां’नी मिळून खोली घ्यावी, जुन्या स्टेशनापासून दूर.

पहिला पगार हाताशी आला की पाय घसरतो. मालकाला सांगून तो थेट खात्यात घ्या आणि त्या दिवशी संध्याकाळी मामांना एएच्या मीटिंगला पाठवा. मुंबईत या मीटिंगांपैकी बऱ्याच चर्चच्या किंवा शाळांच्या खोल्यांत भरतात. फी नाही, धर्म कुणी विचारत नाही. सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६.