उडत्या चाळीला वजन कसे येईल?

प्रश्न : माझे आजोबा सावंतवाडीकडून मुंबईला गिरणीत कामाला आले. त्यांच्या स्थलांतरावर मी टॅब्लेटवर अतिवास्तववादी चित्रे करते; परंतु उडणारी चाळ, मासे, वितळती घड्याळे असे सारे घालूनही ती जाहिरातीसारखी दिसतात. काय करावे?
– एक वाचक, परळ

उत्तर : अशक्य गोष्टींची गर्दी झाली की त्यांतली एकही अशक्य वाटत नाही. (घड्याळे तर अतिवास्तववादी चित्रकार साल्वादोर दालीकडून उसनी घेतलेली आहेत, ती आधी काढून टाकावीत.) रशियन साम्राज्यातील व्हितेब्स्क सोडून आलेल्या चित्रकार मार्क शागालने १९११ मध्ये पॅरिसमध्ये ‘मी आणि गाव’ रंगवले, तेव्हा काही घरे उलटी केली खरी, पण जनावराच्या गालावर धार काढणारी बाई मात्र रोजचीच ठेवली.

गिरणगावात पाळी बदलली की एकाने सोडलेल्या जागेवर दुसरा कामगार पथारी टाकत असे, हे वास्तवच पुरेसे विलक्षण आहे. ती खोली, पत्र्याची ट्रंक, खुंटीवरचा सदरा हुबेहूब काढावा आणि केवळ पथारीच्या जागी लावणी झालेला भाताचा वाफा, चिखलपाण्यासह, दाखवावा.

प्रकाश एकाच खिडकीतून यावा, वाफ्यातील पाण्यात तिच्या गजांचे प्रतिबिंब पडावे आणि सावल्या वेगळ्या लेयरवर (थरावर) ‘मल्टिप्लाय’मध्ये, म्हणजे खालचा रंग गडद करणाऱ्या मिश्रणपद्धतीत, ठेवाव्यात. ए-थ्री आकारात छापायचे असल्यास सुरुवातीलाच ३५०८ × ४९६१ पिक्सेलचा कॅनव्हास घ्यावा. लहान चित्र नंतर ताणल्यास रोपांच्या कडा फुटतात.