विद्यापीठाचा पेपर: आर्थिक नाड्या कुणाच्या हातात?

तुमच्या भाचीला अमेरिकेत विद्यापीठाच्या पेपरमध्ये घेतलंय आणि त्याला विद्यापीठाचा पैसा आहे म्हटल्यावर तुम्ही विचारलंत, "मग ही पोरं वरच्यांविरुद्ध काय डोंबल लिहिणार?"

लिहितात की. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या स्टॅनफर्ड डेली या पेपरातल्या पहिल्या वर्षाच्या मुलाने विद्यापीठाच्या अध्यक्षांच्या जुन्या शोधनिबंधांमधली गडबड लावून धरली आणि २०२३ मध्ये अध्यक्षांना पायउतार व्हावं लागलं. मेख अशी, की तो पेपर १९७३ पासून विद्यापीठापासून वेगळी संस्था आहे.

उलट टोक इंडियाना विद्यापीठाचं. इंडियाना डेली स्टुडंट १८६७ पासूनचा पेपर, संपादकीय निर्णय विद्यार्थ्यांचे, पण तुटीत चाललेला आणि हिशेब विद्यापीठाकडे. ऑक्टोबर २०२५ मध्ये होमकमिंगच्या (माजी विद्यार्थी परत जमतात त्या वार्षिक सोहळ्याच्या) अंकात बातम्या नकोत, असं वरून आलं. विद्यार्थी माध्यमांच्या संचालकांनी ऐकलं नाही. त्यांना काढलं आणि छपाईच बंद केली. कारण दिलं खर्चाचं. खर्च वाचवायचा तर बातम्या काढून जाहिराती ठेवलेला अंक कसा चालतो, हे काही मला उमगलं नाही. गंमत म्हणजे शेजारच्या पर्ड्यू विद्यापीठाच्या मुलांनी आपल्या एक्स्पोनंट या पेपरतर्फे खास अंक छापला आणि गाडीत घालून तिथे नेऊन वाटला. बोंबाबोंब झाली, माजी विद्यार्थी देणग्या थांबवू लागले, तेव्हा महिनाअखेरीस छपाईला पुन्हा परवानगी मिळाली.

पण एक्स्पोनंटसारखं स्वतंत्र असलं की सुटलो, असंही नाही. त्याच वर्षी पर्ड्यूने त्यांचे अंक कॅम्पसवर वाटायला मदत करणं थांबवलं.

विद्यार्थ्यांच्या फीमधून पैसा येणं त्यातल्या त्यात बरं, असं माझं मत होतं आणि आहे. पण तिथेही सरकार हात घालू शकतं. कॅनडात ओंटारिओ सरकारने २०१९ मध्ये अशी फी ऐच्छिक केली. कॅम्पसवरचे पेपर त्यात आले. कोर्टाने त्याच नोव्हेंबरमध्ये तो निर्णय रद्द केला, २०२१ मध्ये अपिलातही सरकार हरलं. मधल्या सत्रात पेपर चालवणाऱ्यांचे जे हाल झाले ते झालेच.

जाहिरातींचं म्हणाल तर मी तिकडे शिकताना अशाच एका पेपरच्या जाहिरात विभागात होतो. रोजच्या अंकाला कुत्रं विचारत नसे. भाड्याच्या घरांची पुरवणी आणि होमकमिंगचा अंक मात्र हातोहात भरायचा. आई-वडील, माजी विद्यार्थी गावात आलेले असतात, पिझ्झावाल्यापासून बँकेपर्यंत सगळ्यांना पानं हवी असतात. म्हणून छापील रोजचा अंक जाईल (बऱ्याच ठिकाणी गेलाच आहे), खास अंक टिकतील. बाकीची भर माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांनी पडेल, म्हणजे श्रीमंत विद्यापीठांचे पेपर तरतील आणि छोट्या सरकारी कॉलेजांचे मरतील. आपल्याकडे फीमध्ये नियतकालिकाचे पैसे घेतात खरे, पण त्यातून निघणारा वार्षिक अंक प्राचार्यांच्या नजरेखालून गेलेला असतो. त्याच्याशी तुलना नको.

भाचीला तीन गोष्टी विचारायला सांगा: पेपरची संस्था वेगळी नोंदलेली आहे का, संचालकाला काढायचा अधिकार कुणाला, आणि विद्यापीठाशी करार किती वर्षांचा. संस्था करमुक्त धर्मादाय म्हणून नोंदलेली असेल तर तिचा फॉर्म ९९०, म्हणजे अमेरिकेच्या करखात्याकडे दरवर्षी भरायचा हिशेब, सार्वजनिक असतो. जाहिरात किती, देणगी किती, तूट किती, सगळं त्यात घरबसल्या दिसेल.