गाडी नकाशावर घाटातच का थांबते?

प्रश्न : आमच्या कारमध्ये जीपीएस यंत्र बसवले आहे. मुलगा नाशिकहून मुंबईला निघाला, की कसारा घाटात गाडी मोबाइलवर एकाच जागी थांबलेली दिसते आणि आमचा जीव टांगणीला लागतो. यंत्र सदोष आहे का?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : आपली काळजी स्वाभाविक आहे; परंतु यंत्र सदोष असेलच असे नाही. ते किमान ४ उपग्रहांच्या संकेतांवरून गाडीचे स्थान ठरवते. मात्र ते स्थान आपल्यापर्यंत पोहोचवण्याचे काम यंत्रातील सिमकार्ड मोबाइल नेटवर्कवरून करते, आणि डोंगराआड हे नेटवर्क तुटले, की ॲप शेवटचे मिळालेले ठिकाणच दाखवत राहते. म्हणून ठिपक्याआधी त्याखालची शेवटच्या नोंदीची वेळ पाहावी. अनेक यंत्रे मधल्या नोंदी साठवून ठेवतात. त्यामुळे घाट उतरल्यावर मधला मार्गही नकाशावर उमटला, तर यंत्र ठीक आहे असे समजावे. द्वारका चौकासारख्या भर वस्तीतही नोंदी थांबत असतील, तर मात्र सिमचे रिचार्ज आणि बॅटरीकडची वायर तपासून घ्यावी. आणि कृपया, मुलगा घाटात गाडी चालवत असताना त्याला फोन करू नये. घाट उतरेपर्यंत थांबावे.