खंबाटकी चढताना गाडी मिसिंग मारते, नवी घेऊ का?

वाईच्या एका वाचकांचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"वय बेचाळीस. शिरवळच्या कंपनीत आहे, हातात ५८,००० पडतात. २०१४ ची तीन सिलिंडरची पेट्रोल गाडी आहे, सीएनजी किट बसवलेली. रोज साठ-सत्तर किलोमीटर होतात. दोन महिने झाले, गाडी मधूनच मिसिंग मारते, झटके देते. संध्याकाळी परतताना खंबाटकी घाटात पिकअप एकदम कमी होतो, पेट्रोलवर टाकली की बरीच सुधारते. गॅरेजवाले म्हणतात इंजिनाचं हेड खोलावं लागेल, ४५,००० लागतील. शोरूमचा हिशोब असा: गाडी साडेआठ लाखांची, सात लाख कर्ज, सात वर्षं. घराचा हप्ता १९,००० आहे, अजून १७ लाख बाकी. सगळं भागून महिन्याला आठेक हजार उरतात. यंदा शाळेची फी आणि विम्याचा ६०,००० चा हप्ता एकदमच आला, म्हणून सौ.च्या पाटल्या ठेवून ५५,००० काढले. पण पॉलिसी चांगली आहे, बारा वर्षं भरायचं आणि विसाव्या वर्षी दुप्पट. चार हप्ते झालेत. तर जुनी दुरुस्त करू की नवी घेऊ?"

दुरुस्त करा. पण ४५,००० वाली दुरुस्ती आज नको.

मी मेकॅनिक नाही, पण याच फेऱ्यातून गेलो आहे. माझी गाडी अशीच झटके द्यायची. एका गॅरेजने फ्युएल पंप बदलला, मग इंजेक्टर साफ केले, चौदा हजार गेले आणि झटके तसेच. शेवटी एका वयस्कर फिटरने इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग काढून उन्हात धरला. पांढऱ्या चिनी मातीवर पेन्सिलीने ओढावी तशी बारीक काळी रेघ होती. ठिणगी टोकाला न पडता त्या रेघेवरून बाहेर पळत होती. नवे प्लग आणि प्लगला वीज देणारी एक कॉइल घातली, गाडी पूर्ववत.

तुमच्या पत्रात सगळ्यात मोलाचं वाक्य आहे ते "पेट्रोलवर टाकली की सुधारते". सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जोरकस ठिणगी लागते. प्लग झिजला की गॅप वाढतो, कॉइलवर ताण येतो आणि घाटात इंजिनावर भार पडला की ती कमजोरी उघडी पडते. व्हॉल्व्ह किंवा रिंगा गेल्या असत्या तर गाडीने बहुधा पेट्रोलवरही त्रास दिला असता. म्हणून हेडवर संशय घ्यायच्या आधी ठिणगी आणि गॅसचा पुरवठा तपासायला हवा. तुमचं रनिंग वर्षाला वीस हजार किलोमीटरच्या घरात जातं. एवढ्या अंतरात सीएनजीवर साधे प्लग संपतात. शेवटचे कधी बदलले, बिल शोधा.

प्लगचा संच पाच-सातशे रुपयांत येतो. स्कॅनर लावून कोड बघायला सांगा. पी०३०२ आला तर दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर आहे, म्हणजे इंधन नीट पेटत नाही. मग दुसऱ्याची कॉइल पहिल्यावर लावायची, कोड पुसायचा आणि घाटात एक फेरी मारायची. कोड पी०३०१ झाला तर कॉइल गेली आहे, दीड-दोन हजारांचं काम. जागचा हलला नाही तर सीएनजी फिल्टर, गॅसचा दाब उतरवणारा रिड्यूसर आणि मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, बघायचं. तिन्ही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या दहा-पंधरा टक्क्यांत असले तर हेड खोलू देऊ नका. एखादा फारच खाली असला तरच ४५,००० चा विषय, आणि तेव्हाही दुसऱ्या गॅरेजचा अंदाज घ्या. एक मात्र लगेच करा: चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी तशीच रेटू नका. न जळलेलं इंधन धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, तो भाग खराब झाला तर खर्च कित्येक हजारांनी वाढतो.

नव्या गाडीचं एका परिच्छेदात सांगतो. सात लाख, साडेनऊ टक्के, सात वर्षं: हप्ता साधारण ११,५००. उरतात आठ. त्या आठांतूनच विम्याचे महिना पाच बाजूला पडायला हवेत, म्हणजे खरे उरतात तीन. तीन हजारांत साडेअकरा हजारांचा हप्ता बसत नाही. व्याजच अडीच लाखांवर जातं. शोरूमवाल्याने तुम्हाला पगार विचारला, काय उरतं ते विचारलं नाही. तुमच्या गाडीची नोंदणी २०२९ पर्यंत आहे, तोवर निवांत चालवा. पुढे ठेवायची ठरलीच तर फेरनोंदणीची फी आजच्या दराने ५,००० आणि फिटनेस तपासणी.

आता जे तुम्ही विचारलंच नाही त्याकडे येतो.

पाटल्या गहाण ठेवून तुम्ही विम्याचा हप्ता भरला. सोनेतारण कर्जाचं व्याज बारा टक्क्यांच्या आसपास असतं. ५५,००० वर वर्षाचे साडेसहा हजार. ते ज्या पॉलिसीत घातलेत तिचा परतावा काढू या. बारा हप्त्यांचे ७.२ लाख भरायचे, विसाव्या वर्षी १४.४ लाख मिळणार. हा वर्षाला पाच टक्क्यांहूनही जरा कमीच पडतो. एजंटने बहुतेक दुपटीतल्या शंभर टक्के वाढीला बारांनी भागून आठ टक्के सांगितले असणार. पैसे वीस वर्षं अडकतात हे त्या भागाकारात येतच नाही. तेच ६०,००० बारा वर्षं पीपीएफमध्ये ७.१ टक्क्यांनी भरून विसाव्या वर्षी काढले तर वीस लाख होतात. बाराने कर्ज काढून पाचात घालणं थांबवा. या पॉलिसीला "चांगली" म्हणून विकणाऱ्याचा मला मनापासून राग येतो.

त्याहून गंभीर गोष्ट विम्याच्या रकमेची. अशा पॉलिसीत संरक्षण सहसा हप्त्याच्या दहापट, म्हणजे सहा लाख. तुमच्या डोक्यावर १७ लाखांचं गृहकर्ज आहे. उद्या तुम्हाला काही झालं तर सहा लाख त्या कर्जालाच पुरणार नाहीत, घर चालवणं दूरच. रोज हायवेने ये-जा करणाऱ्या, घरचा आधार असलेल्या माणसाला एक कोटीचा टर्म प्लॅन, म्हणजे फक्त मृत्यूनंतर रक्कम देणारा विमा, हवाच. तुमच्या वयाला, तंबाखू-सिगारेट नसेल तर, वर्षाला वीस हजारांच्या आसपास पडेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटीही लागत नाही. फॉर्ममध्ये बीपी, साखर, जुनी ऑपरेशनं, सगळं खरं लिहा. एजंट "ते राहू द्या" म्हणाला तरी लिहा.

क्रम महत्त्वाचा आहे. टर्म प्लॅनची पॉलिसी हातात पडेपर्यंत जुनी मोडायची नाही. दरम्यान कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा: आज सरेंडर केली तर किती, आणि हप्ते थांबवून पेड-अप ठेवली तर विसाव्या वर्षी किती. पेड-अपचा आकडा पॉलिसीगणिक बदलतो, म्हणून तोंडी उत्तरावर जाऊ नका. चार हप्त्यांनंतर सरेंडरला भरलेल्याच्या निम्मे, म्हणजे १.२ लाखांच्या आसपास मिळतील असं धरू. उरलेल्या सोळा वर्षांत ७.१ टक्क्यांनी रुपयाचे तीन होतात. तेव्हा पेड-अपची रक्कम सरेंडरच्या तिपटीहून, म्हणजे ३.६ लाखांहून जास्त असेल तर पेड-अप ठेवा. कमी असेल तर सरेंडर करा. पण पुढचा हप्ता भरू नका.

मग तुमचे आठ हजार खरंच आठ हजार होतात. वर्षाचे ९६,०००. त्यातून टर्मचे वीस गेले, उरलेल्या ७६,००० मधून आधी सोनेतारण फेडा. वर्ष संपायच्या आत पाटल्या घरी येतील. सरेंडर करावी लागली तर त्याच पैशातून लगेच सोडवता येतील. त्यानंतर घरखर्चाचे तीन महिने, तुमच्या बाबतीत सव्वा-दीड लाख, बँकेत वेगळे ठेवायला लागा. गाडीचे प्लग, टायर, बॅटरी यांसाठी त्यातलेच महिना हजार बाजूला टाका.

येत्या रविवारी प्लग बदलून, गाडी गॅसवर ठेवून एकदा शिरवळहून घाट चढून या. पुन्हा झटका बसला तर स्कॅनरचा कोड, कॉम्प्रेशनचे तीन आकडे आणि विमा कंपनीचे दोन आकडे एकाच पत्रात लिहून पाठवा.