दोन फिके रंग, एक हॉल आणि ‘तुला आवडेल तो लाव’

“साधा भिंतीचा रंग ठरवता येत नाहीये मॅडम, माझं काही बिघडलंय का?” दिवाळीच्या आधी हा प्रश्न घेऊन कुणी ना कुणी येतंच. रंगाच्या जागी कधी टाइल्स असतात, कधी सोफ्याचं कापड, आणि सोबत थोडी लाजही असते, की लोक केवढी दुःखं घेऊन समुपदेशनाला येतात आणि मी शेडकार्ड घेऊन आलेय. तर अशाच एका केसबद्दल लिहिते, नाव आणि ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदललेत.

मृणाल, डोंबिवलीत टू बीएचके, बँकेत नोकरी. ऑफिसात लाखांच्या लोनच्या फाइलींवर निर्णय घेते, कुणाचं ऐकून घेत नाही. आणि घरी हॉलसाठी दोन शेडमध्ये तीन आठवडे अडकलेली. एक ग्रेज, म्हणजे राखाडी आणि बेजच्या मधला, दुसरा सेज, तो मळकट हिरवा. सासूबाईंच्या मते दोन्ही धुऊन धुऊन विटलेल्या पायपुसण्यासारखे, त्यामुळे त्यांचं मत आधीच बाद. पुट्टी-प्रायमर होऊन पडलेलं, सगळं सामान प्लॅस्टिकखाली, आणि पेंटरचा रोज सकाळी फोन, “ताई, ठरलं का? डबा टिंट करायला टाकायचाय.” हिने बहिणीला विचारलं, ऑफिसात विचारलं, व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला दोन्ही शेड टाकून मतं मागितली, शेवटी सोसायटीच्या वॉचमनलाही विचारून झालं. प्रत्येक उत्तराने दहा मिनिटं बरं वाटायचं आणि मग परत तेच.

तिची मुख्य तक्रार अशी, “दर वेळी बघितलं की रंग वेगळाच दिसतो, मला माझ्याच डोळ्यांवर भरवसा राहिला नाहीये.” इथे मी तिला आधी सांगितलं की डोळे बरोबर आहेत. फिक्या, दबलेल्या शेडमध्ये मूळ रंगाचा जोर कमी असतो, म्हणून उजेडाची जराशी छटाही त्यांच्यावर लगेच दिसते. हिचा हॉल पूर्वेचा, समोरच्या बिल्डिंगला विटकरी रंग, दुपारी ऊन त्या भिंतीवर पडून आत यायचं की ग्रेज गुलाबी दिसायचा. रात्री पांढरी ट्यूब लावली की तोच रंग सिमेंटसारखा करडा. शेडकार्डवरचा तुकडा तर बोटाएवढा, चार भिंतींवर गेल्यावर तोच रंग जास्त ठळक वाटतो. हे ऐकून तिचे खांदे जरा खाली आले, कारण इतके दिवस ती याला स्वतःचा चंचलपणा समजत होती.

दुसरी गोष्ट मी जवळजवळ प्रत्येकाला सांगते. एडवर्ड फ्रेडकिन नावाच्या अमेरिकन कॉम्प्युटर शास्त्रज्ञाच्या नावाने एक विरोधाभास ओळखला जातो: दोन पर्याय जितके तोडीस तोड तितकं निवडणं अवघड, आणि खरं बघता तितकाच त्या निवडीने पडणारा फरक कमी. म्हणजे एवढा घोळ होतोय याचा अर्थ बहुतेक वेळा असा, की दोन्ही चालतील. मृणालला हे पटलं, पण मान डोलावून म्हणाली, “फरक रंगाने नाही पडणार मॅडम, नंतर ऐकावं लागेल ना मला.”

मग पडद्यांची गोष्ट निघाली. मागे पडदे तिने एकटीने निवडले होते, तेव्हाही नवऱ्याचं “तुला आवडेल ते घे”, आणि आजही पाहुणे आले की तो हसत हसत म्हणतो, “हे मॅडमचं सिलेक्शन बरं का.” तो चेष्टा करतो, पण हिच्या लेखी ते बिल आहे, दर वेळी नव्याने फाडलेलं. “तुला आवडेल तो लाव” हे वाक्य ऐकायला फार उदार वाटतं, पण त्यात निवडीसकट बोलणी खायची जबाबदारीही समोरच्याच्या गळ्यात पडते. माझ्याकडे येणाऱ्या बायकांच्या (आणि काही पुरुषांच्याही) कितीतरी ‘मला निर्णयच घेता येत नाही’च्या मागे हेच वाक्य असतं, असं माझं मत आहे.

पुढच्या सेशनला नवऱ्याला बोलावलं. भला माणूस, त्याला खरंच वाटत होतं की आपण बायकोला मोकळीक देतोय. मी सरळ विचारलं, तुम्हाला कुठला आवडतो? जरा घुटमळला आणि म्हणाला, “हिरवा नको, हॉस्पिटलसारखा वाटतो.”

मृणाल एकदम वळली. “मग तीन आठवडे गप्प का बसलास?”

“बोललो असतो तर म्हणाली असतीस, मी लादतोय.”

दोघंही बरोबर होते, आणि त्या दिवशी रंगापेक्षा यावरच जास्त बोलणं झालं.

ठरलं ते असं. बाहेरच्या कुणालाही विचारायचं नाही, स्टेटस डिलीट. दोन्ही शेडचे छोटे सॅम्पल डबे आणून हार्डबोर्डच्या दोन मोठ्या तुकड्यांवर दोन दोन हात मारायचे, पूर्ण वाळू द्यायचे, आणि ते सकाळी, दुपारी चारला आणि रात्री दिवे लावून वेगवेगळ्या भिंतींना टेकवून दोघांनी मिळून बघायचे. थेट भिंतीवर पट्टे मारले तर आजूबाजूच्या पांढऱ्यामुळे घोटाळा होतो, आणि नंतर ते पट्टे रोज खुणावत बसतात. शनिवार रात्र शेवटची, तरी ठरलं नाही तर चिठ्ठी. आणि जो लागेल तो दोघांचा, पाहुण्यांसमोर “आमचं सिलेक्शन”.

गंमत म्हणजे लागला सेजच. हॉस्पिटलचा भास त्या पांढऱ्या ट्यूबमुळे होत होता, पिवळसर दिवा लावल्यावर नवराच म्हणाला की हा बराय. चिठ्ठीची वेळच आली नाही.

पहिला हात मारल्या मारल्या मृणालचा मेसेज, सोबत फोटो, “मॅडम, चूक झाली वाटतं.” मी कळवलं की पहिला हात डागाळलेलाच दिसतो, ओल्या रंगाची शेड वाळल्यावर बदलते, आणि मोबाइलचा कॅमेरा रंग स्वतःच्या मनाने सुधारून दाखवतो, त्यामुळे फोटो हा पुरावा धरायचा नाही. दोन हात वाळल्यावर बोलू. शिवाय काम संपल्यावर महिनाभर कुणालाही “कसा वाटतो?” विचारायचं नाही असंही सांगितलं. (बहिणीला विचारलंच तिने. चालायचंच.)

पण एक फरक लक्षात ठेवा. मृणालची अडचण एका हॉलपुरती होती, बाकी झोप, जेवण, नोकरी सगळं ठीक. ज्यांना आज भाजी कुठली करू, कुठला ड्रेस घालू हेही ठरेनासं झालंय, दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन उदास आहे, झोप उडालीय, कशातच रस वाटत नाहीये, त्यांनी याला रंगाचा घोळ समजून सोडून देऊ नका. निर्णय न घेता येणं हे डिप्रेशनच्या लक्षणांमध्येही मोजलं जातं. सायकियाट्रिस्टला किंवा समुपदेशकाला भेटा, आणि लगेच कुणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फोन फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं.