स्वतःच कादंबरी छापायची, प्रमोशनही आपणच करायचं आणि वर चित्रं, ऑडिओ वगैरे, या सगळ्यात लिहायला वेळ कसा काढता?

तुम्ही लिहिलंय की पहिली कादंबरी स्वतः प्रकाशित केलीत, आता सगळा वेळ तिच्या पोस्ट टाकण्यात जातो, दुसरी तिसऱ्या प्रकरणात अडकलीये, आणि पात्रांची चित्रं काढायची आवड आहे पण तो वेळ वाया जातोय असं वाटतं म्हणून ती सोडावीत का. मी गेली काही वर्षं हेच करतोय, नोकरी सांभाळून, दोन कादंबऱ्या झाल्या, तिसरी चालू आहे. तर आधीच सांगतो, चित्रं सोडू नका. सोडायचंच असेल तर रोजची पोस्ट सोडा.

माझं पहिल्या पुस्तकाच्या वेळी अगदी तुमच्यासारखंच झालं होतं. लाँचनंतर तीन आठवडे रोज काहीतरी टाकत होतो, कव्हर, एखादं वाक्य, टेबलावरच्या पुस्तकाचा फोटो, आणि ओळखीचे लोक अभिनंदन करत होते, मला वाटायचं चाललंय काम, पण विक्रीचा आकडा बघितला की जिथल्या तिथे. त्यात एका प्रमोशन करून देणाऱ्या कंपनीला पॅकेजचे पैसे दिले, फॉलोअर वाढले खरे पण त्यातल्या एकानेही पुस्तक उघडलं नाही. त्या महिन्यात नवीन एक पान लिहिलं नाही, याचं दुःख मला पैशांपेक्षा जास्त झालं. म्हणून कळकळीने सांगतोय, लेखकाकडूनच पैसे मागणारा कुणी भेटला, प्रकाशक म्हणून असो की प्रमोटर म्हणून, तर सही करण्याआधी करार दोनदा वाचा. ऑडिओचे आणि अनुवादाचे हक्क कुणाकडे जातायत ते तर नक्कीच बघा.

आता माझ्याकडे प्रमोशनला आठवड्यातले दोनच दिवस आहेत, बुधवार आणि शनिवार, संध्याकाळी. त्यातलं मुख्य काम म्हणजे महिन्याला एक ईमेल. सुरुवातीला यादीत साठएक लोक होते, आता काहीशे आहेत. त्यात मी विकत घ्या विकत घ्या करत नाही, काय लिहितोय, कुठे अडलंय, काय वाचलं ते लिहितो. लोक उत्तरं पाठवतात, आणि पुढचं पुस्तक आलं की पहिल्या दिवशी घेणारे हेच असतात. सोशल मीडियावरचा माणूस त्या कंपनीच्या अल्गोरिदमच्या मर्जीवर आपल्यापर्यंत येतो, ईमेलची यादी आपली असते, उद्या प्लॅटफॉर्म बदलला तरी ती आपल्याबरोबर येते.

दुसरं काम पुस्तकातच करून ठेवायचं. शेवटचं पान संपलं की लगेच पुढच्या पानावर चार ओळी, आवडलं असेल तर दोन वाक्यांचा रिव्ह्यू लिहा आणि यादीत यायचं असेल तर इथे या, बस. नुकतंच पुस्तक संपवलेल्या माणसाइतकं तुमच्या जवळ दुसरं कुणी नसतं. घरच्यांकडून मात्र रिव्ह्यू लिहून घेऊ नका, ॲमेझॉनसारख्या ठिकाणी नातेवाइकांचे आणि पैसे देऊन लिहवलेले रिव्ह्यू नियमातच बसत नाहीत, काढून टाकतात. आणि ईबुक किंडल सिलेक्टमध्ये, म्हणजे ॲमेझॉनच्या फक्त त्यांच्याकडेच ईबुक ठेवायच्या योजनेत टाकणार असाल तर लक्षात ठेवा की 90 दिवस ते ईबुक दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही, स्वतःच्या वेबसाइटवरही नाही. छापील प्रतीला हे बंधन नाही. बरेच जण हे न वाचता टिक करतात.

छापील पुस्तकाचं एक सांगतो कारण यात मी पुरता एक आठवडा घालवलाय. प्रिंट ऑन डिमांडमध्ये, म्हणजे मागणी आली की तेवढीच प्रत छापतात त्यात, स्पाइनची, म्हणजे कपाटात पुस्तक उभं ठेवल्यावर दिसणाऱ्या कडेची रुंदी पानांवरून ठरते. ॲमेझॉनच्या किंडलच्या छपाईत क्रीम कागदाला पानामागे 0.0025 इंच धरतात. माझी 288 पानं होती म्हणजे 0.72 इंच, त्यावर कव्हर तयार. मग प्रूफ, म्हणजे तपासायची नमुना प्रत, हातात आल्यावर अक्षर बारीक वाटलं म्हणून वाढवलं, पानं झाली 320, स्पाइन 0.80. फरक फक्त 2 मिलिमीटर, पण जुनंच कव्हर लावलं होतं, त्यामुळे पुढच्या प्रूफवर पुढच्या कव्हरची कड वळून स्पाइनवर आलेली. म्हणून आधी आतली पानं पक्की करा, शेवटचा स्वल्पविरामसुद्धा, आणि मगच कव्हरवाल्याला आकडा द्या.

आता चित्रांकडे येतो, कारण खरा प्रश्न तोच आहे.

1917 मध्ये इंग्रज कादंबरीकार व्हर्जिनिया वुल्फ आणि तिचा नवरा लेनर्ड वुल्फ यांनी एक छोटं हातछपाईचं यंत्र विकत घेऊन घरात, जेवणाच्या खोलीत ठेवलं. लेनर्ड यांचा एक हेतू असा होता की लिहिण्याच्या ताणातून तिचं मन बाहेर काढणारं काहीतरी हाताचं काम असावं. ती स्वतः छपाईच्या अक्षराचा एकेक खिळा उचलून जुळवायची. पहिलं पुस्तक निघालं त्याच्या सुमारे 150 प्रती. पुढे त्यांच्या याच छापखान्यातून, होगार्थ प्रेसमधून, तिच्या स्वतःच्या कादंबऱ्या निघाल्या. मला हे फार जवळचं वाटतं, की विरंगुळा म्हणून आणलेलं यंत्र शेवटी तिच्या लिखाणाच्याच कामी आलं.

माझे असे दोन उद्योग आहेत. एक नकाशा. दुसऱ्या कादंबरीतलं गाव काल्पनिक आहे, रविवारी सहज म्हणून त्याचा नकाशा काढायला बसलो, नदी, पूल, शाळा, नायिकेचं घर. आणि हात थांबला. चौथ्या प्रकरणात ती संध्याकाळी नदीकडे चालत जाते तेव्हा ऊन तिच्या डोळ्यावर येतंय, म्हणजे नदी घराच्या पश्चिमेला. एकोणिसाव्यात ती त्याच घराच्या दारात उभी राहून नदीवर सूर्य उगवताना बघते! तोपर्यंत मी तीन ड्राफ्ट केले होते, दोन बीटा रीडर, म्हणजे छापण्याआधी वाचून मत देणारे, वाचून गेले होते, कुणालाच दिसलं नाही. दुरुस्त करताना एकोणिसाव्या प्रकरणातली पहाट काढून टाकली, ती मागच्या दाराने बाहेर पडते असं केलं, आणि मागच्या दारामुळे तिच्या आईचा एक आख्खा प्रसंग सुचला जो आता पुस्तकातला माझा सगळ्यात आवडता आहे.

दुसरा उद्योग म्हणजे स्वतःच्या आवाजात प्रकरणं रेकॉर्ड करणं. रात्री फॅन बंद, फ्रिज बंद, कपड्यांच्या कपाटाचं दार उघडून त्यात तोंड घालून वाचायचं म्हणजे आवाज घुमत नाही. ऑडिओबुक घेणाऱ्या एसीएक्ससारख्या ठिकाणी मागचा, म्हणजे खोलीतला इतर आवाज उणे 60 डेसिबलच्या खाली, जवळजवळ शांतताच लागते, त्यामुळे एवढी काळजी. 3,200 शब्दांचं प्रकरण ऐकायला 28 मिनिटांचं होतं पण रेकॉर्ड करायला सगळी संध्याकाळ जाते. तरी मी हे सोडत नाही, कारण डोळ्याला जे दिसत नाही ते जिभेला अडतं. एका परिच्छेदात मी वाचत होतो, दिवा लावलेला होता, दार उघडं होतं, पाऊस थांबला होता, बाहेर कुणीतरी उभं होतं... चार वाक्यं आणि चारही होता-होतंवर आपटतायत. कागदावर हे मी कितीतरी वेळा वाचलं होतं. मोठ्याने वाचल्यावर चौथ्या वाक्याला मलाच कंटाळा आला, मग तिथल्या तिथे बदललं, दिवा लावलेला, दार उघडं, पाऊस थांबलेला, आणि बाहेर कुणीतरी उभं होतं. आता तो एकच होतं कानाला लागतो, आणि लागायला हवा तिथेच लागतो.

पण सगळेच उद्योग असे नसतात हेही खरंय. मी मध्ये पुस्तकावरचे छोटे व्हिडिओ करायला लागलो होतो, एडिटिंग शिकलो, मजा यायची, पण त्यातून उठलो की डोक्यात पुढचा व्हिडिओच असायचा, कादंबरी नाही. चार महिन्यांनी बंद केलं. नकाशावरून उठतो तेव्हा डोक्यात कादंबरीचाच प्रश्न असतो. मी आता एवढंच बघतो.

आणि काहीही असलं तरी सकाळी साडेपाच ते सात ड्राफ्टचे. फोन दुसऱ्या खोलीत. रोज 500 शब्द, कधी 200 च होतात, कधी नुसतं कालचं खोडतो. रोज 500 धरले तर 80,000 शब्दांचा पहिला ड्राफ्ट 160 दिवसांत होतो, मला प्रत्यक्षात दहा महिने लागले, कारण आजारपणं, ऑफिस, आणि मधले रिकामे दिवस. चालतं. विक्रीचा आकडा मात्र सकाळी बघत नाही, तो बघितला की त्या दिवशीचं लिखाण गेलंच म्हणून समजा, आकडा चांगला असो की वाईट.

तर तुमचं तिसरं प्रकरण. तुम्ही म्हणालात त्यात दोन भावांचं भांडण आहे आणि ते पुढेच सरकत नाही. उद्या लिहू नका. ती खोली काढा, वरून दिसते तशी. कोण कुठे बसलंय, दार कुणाच्या जवळ आहे, खिडकीतून कुणाला काय दिसतंय, आणि उठून जायचं ठरवलं तर कुणाला दुसऱ्याच्या अंगावरून जावं लागेल. चेहरे काढायची गरज नाही. मग परवा सकाळी लिहायला बसा, आणि काय निघालं ते मला नक्की कळवा.