टेबल राहू द्या, यंत्राचं बघा

प्रश्न : मी पाटण तालुक्यातला. वडिलांच्या पश्चात बारा बोअरच्या दुनळी बंदुकीचा परवाना माझ्या नावावर झाला. काडतुसं महाग झालीत, वेळेवर मिळतही नाहीत. माझं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. परसाकडच्या खोलीत अँगलचा सांगाडा भिंतीत बोल्टने आवळून त्यावर सागाची जाड फळी टाकली, वर कुलपाचे लोखंडी खण केले. दिवाळीला आलेल्या आतेभावाने अमेरिकेहून काडतुसं भरायचं हातयंत्र बॅगेतून आणलं, ते या टेबलावर बसवलं आहे. वापरलेल्या काडतुसांच्या दोनशेएक नळ्या जमवल्यात. बंदुकीची दारू आणि ती पेटवणाऱ्या टोप्या अजून आणलेल्या नाहीत, एकही काडतूस भरलेलं नाही. पण गावात बोभाटा झाला आणि बीटचे हवालदार 'साहेबांनी भेटायला सांगितलंय' असा निरोप देऊन गेले. परवान्याचं नूतनीकरण तोंडावर आहे. टेबल मोडून टाकू का? यंत्र विट्याला सासुरवाडीत ठेवलं तर चालेल का? आमचे आजोबा तर ठासणीची बंदूक घरीच भरायचे, तेव्हा कुणी काही बोललं नाही.

उत्तर : टेबल मोडू नका. सागाची फळी आणि अँगल याला कुठल्याही कायद्यात परवाना लागत नाही. ज्याचं वर्कशॉप आहे त्याच्या घरात भक्कम टेबल असणारच. अडचण टेबलावर बोल्टने बसवलेल्या यंत्राची आहे, आणि ती तुम्हाला वाटते त्यापेक्षा मोठी आहे.

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २ मध्ये 'दारूगोळा' या शब्दाची व्याख्या आहे. तिच्यात भरलेलं काडतूस तर येतंच. शिवाय दारूगोळ्याचे सुटे भाग आणि दारूगोळा बनवण्याची यंत्रसामग्रीही येते. तुमचं यंत्र नळीतली जुनी टोपी काढतं, नवी बसवतं, दारू आणि छर्रे भरून तोंड मुडपतं. म्हणजे दारूचा एक कणही घरात नसताना कायद्याच्या भाषेत तुमच्याकडे 'दारूगोळा' आहे, आणि तुमच्या परवान्यात तो नाही. तुमचा परवाना एका बंदुकीचा आणि ठरावीक संख्येच्या काडतुसांचा. कलम ३ खाली विनापरवाना दारूगोळा बाळगल्याची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन ते पाच वर्षं आहे.

तेवढ्यावर थांबलं असतं तर मी एवढं ताणून सांगितलं नसतं. कलम ५ परवान्याशिवाय दारूगोळा बनवायला मनाई करतं. त्याच २०१९ च्या दुरुस्तीने त्यात 'मिळवणे' हेही घातलं गेलं. कलम १० परवान्याशिवाय तो परदेशातून आणायला मनाई करतं. परदेशातून आणण्याची शिक्षा कलम २५(१ब) मध्ये आहे, आणि बनवण्या-मिळवण्याची कलम २५(१) मध्ये. ही दुसरी पूर्वी तीन ते सात वर्षं होती, आता किमान सात वर्षं ते जन्मठेप. आतेभावाने यंत्र बॅगेतून आणलं तेव्हा विमानतळावर कुणी विचारलं नाही, हा बचाव नव्हे. उलट कस्टम्सचा प्रश्न त्यात वेगळा वाढतो.

हाताने दाबायचं एक साधं यंत्र म्हणजे 'यंत्रसामग्री' नव्हेच, असा युक्तिवाद करता येईल. मीही करेन. पण तो सत्र न्यायालयात, आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहून करावा लागेल. ज्याला ते टाळता येतं त्याने टाळावं.

आता नळ्या. याच अधिनियमाचं कलम ४५ थोडा दिलासा देतं. शस्त्राचे किंवा दारूगोळ्याचे किरकोळ भाग कुणाकडे असतील आणि ते पूरक भागांबरोबर वापरायचा हेतू नसेल, तर त्यांना हा कायदा लागू होत नाही. जत्रेत विकत घेतलेल्या पितळी नळीची फुलदाणी करणारा माणूस त्यामुळेच सुटतो. तुमच्या दोनशे नळ्या पोत्यात पडून असत्या तर मीही तेच म्हटलं असतं. पण त्या नळ्यांशेजारी भरायचं यंत्र बसलं आहे, आणि हेतू काय हे सांगायला फिर्यादी पक्षाला साक्षीदाराची गरज उरत नाही. एक फोटो पुरे.

दारूबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो, कारण पुढचं पाऊल तेच होतं. फटाक्यांची किंवा विहिरीच्या सुरुंगाची दारू काडतुसात घालायचा विचार कुणी सुचवला असेल तर त्याच्याशी मैत्री तोडा. ती दारू ज्या वेगाने पेटते त्यासाठी तुमच्या दुनळीची नळी केलेलीच नाही. फुटली तर पहिला हात तुमचा जाईल. कायद्याचं म्हणाल तर स्फोटक अधिनियम, १८८४ आणि त्याखालचे २००८ चे नियम लागतात. हे नियम राबवणाऱ्या खात्याचं मुख्यालय आपल्या नागपूरलाच आहे. संशयास्पद परिस्थितीत स्फोटक बाळगलं असं दिसलं तर १९०८ चा स्फोटक पदार्थ अधिनियम लागतो. त्यातही 'स्फोटक पदार्थ' म्हणजे तो बनवण्याचं साहित्य आणि उपकरणंसुद्धा. ते आणलेलं नाही, ही तुमच्या सगळ्या हकिगतीतली सर्वांत चांगली गोष्ट आहे.

आजोबांचं उदाहरण देऊ नका, पोलिसांसमोर तर नकोच. ठासणीच्या बंदुकीत दारू आणि छर्रे नळीतच ठासतात. ती बंदूक वापरायची पद्धतच ती. पिकाच्या राखणीसाठी त्या बंदुकीची सोय शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्ये नाव घेऊन केलेली आहे. काडतूस तयार करणं ही निराळी क्रिया, आणि तिचा परवाना कारखान्याचा असतो.

विट्याला यंत्र पाठवायचं तर मुळीच मनात आणू नका. 'ताबा' म्हणजे वस्तू कमरेला बांधलेली असणं नव्हे. गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश या १९७२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की वस्तूची जाणीव आणि तिच्यावर हुकमत असेल, तर ती दुसऱ्याच्या हातात असतानाही ताबा तुमचाच राहतो. म्हणजे तुम्ही सुटणार नाही आणि सासरे तुमच्याबरोबर आरोपी होतील. कोयनेच्या पात्रात टाकणं त्याहून वाईट. पुरावा नाहीसा करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ खाली स्वतंत्र गुन्हा आहे.

मग करायचं काय? इथे मला थोडी कसरत करावी लागते. शस्त्र अधिनियमाचं कलम २१ म्हणतं, ज्याचा ताबा कायदेशीर राहिला नाही त्याने वस्तू विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी. पण ते आहे 'राहिला नाही' अशांसाठी. तुमचा ताबा कायदेशीर होताच कधी, असं सरकारी वकील विचारणार. त्यामुळे 'कलम २१ खाली जमा केलं, विषय संपला' अशी खात्री मी देत नाही. तरीही जमा करणं हाच मार्ग, फक्त एकटे यंत्र काखोटीला मारून ठाण्यात जाऊ नका. साताऱ्यातला किंवा कऱ्हाडचा फौजदारी वकील आधी गाठा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२ खालचा अटकपूर्व जामिनाचा अर्ज आधी तयार ठेवा, आणि मग वकिलाच्या पत्रासह यंत्र व नळ्या जमा करा. पत्रात यंत्र कधी आलं, कुणी आणलं, त्यावर एकही काडतूस भरलं नाही, दारू किंवा टोपी घरात कधीच नव्हती, एवढंच यावं. काडतुसं किती महाग झालीत याची तक्रार त्यात नको. पोहोच आणि पंचनाम्याची प्रत घेतल्याशिवाय ठाण्याबाहेर पडू नका. वकिलाशी बोलणं होईपर्यंत यंत्राचे बोल्ट सोडू नका, नळ्या मोजू नका, खोलीला कुलूप लावा.

सत्र न्यायालयात जामीन नाकारला गेला तर उच्च न्यायालयासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. ऑगस्ट २०२५ पासून साताऱ्याची प्रकरणं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात.

साहेबांच्या निरोपाचं म्हणाल तर जावं, पण लेखी नोटीस मागावी. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८० खाली जबाब घेताना पोलीस प्रश्न विचारतात, मात्र ज्या उत्तराने आपण स्वतः अडकू ते द्यायला तुम्ही बांधील नाही. खोटं बोलायची सवलत मात्र कुणालाच नाही. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात अटकेऐवजी नोटीस देण्याची जी तरतूद त्याच संहितेच्या कलम ३५ मध्ये आहे, तिच्या भरवशावर राहू नका; शस्त्र अधिनियमाचं कलम २५(१) लावलं तर गुन्हा जन्मठेपेपर्यंत जातो आणि ते संरक्षण आपोआप मिळत नाही. आणखी एक: शस्त्र अधिनियमाच्या कलम ३ चा खटला चालवायला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते, तिथे आपल्याला बाजू मांडायला वाव असतो. कलम ५ ला ती मंजुरी लागत नाही. म्हणून 'बनवलं' किंवा 'मिळवलं' असे शब्द जबाबात सहज घसरून येऊ देऊ नका.

नूतनीकरणाचा अर्ज मुदतीत करा, थांबून राहू नका. परवाना आता पाच वर्षांसाठी मिळतो. पोलीस अहवाल वाईट आला तर जिल्हाधिकारी नकार देऊ शकतात, किंवा कलम १७ खाली परवाना रद्दही करू शकतात. त्यावर कलम १८ चं अपील आहे, ते पुण्याला विभागीय आयुक्तांकडे. यंत्र स्वतःहून जमा केल्याची पोहोच त्या अपिलात तुमचा सर्वांत जड कागद ठरेल.

जाता जाता एक विचारतो. तुमचं घर कोयना अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आत आहे का? तसं असेल तर वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम ३४ प्रमाणे शस्त्र परवानाधारकाने वन विभागाकडे नाव नोंदवायचं असतं. वडिलांनी नोंदवलं असेल तर तो कागद शोधा, आणि तुमच्या नावाची नोंद आहे का तेही बघा. पाटण-जावळीकडच्या बऱ्याच घरांत हे राहून गेलेलं असतं, आणि एकदा फाईल उघडली की सगळंच तपासलं जातं.

टेबलावर व्हाइस बसवा, ग्राइंडर बसवा, बंदूक साफ करायची तर तिथेच करा. कुलपाच्या खणात परवान्यातल्या संख्येइतकी काडतुसं, खरेदीच्या पावत्या आणि परवान्याची प्रत ठेवा. चावी घरातल्या पोरांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. आतेभावाला आजच फोन करा आणि सांगा, पुढच्या वेळी येताना पोरांसाठी चॉकलेटं आण, टोप्यांची डबी नको.